बायबॅक: साठ दिले, एकवीस गेले, एकोणचाळीस परत

कंपनी आपलेच शेअर भागधारकांकडून १,५०० रुपयांना परत घेणार (हाच बायबॅक) आणि बाजारात तो १,२९०ला मिळतोय, एवढं पाहून २०२५ मध्ये मी साठ शेअर उचलले. पात्रता, म्हणजे माझे नक्की घेतले जातील तेवढे शेअर, निघाली नऊ. होल्डिंग दोन लाखांच्या आतलं, त्यामुळे बायबॅकच्या छोट्या भागधारकांसाठी राखीव १५ टक्क्यांत माझा नंबर. पात्रतेपेक्षा जास्त शेअर देता येतात, आणि बाकीचे लोक फिरकले नाहीत तर त्यातले काही घेतलेही जातात. म्हणून साठच्या साठ द्यायचे ठरवले.

इथवर सगळं बिनबोभाट. मग आलं ब्रोकरचं अ‍ॅप.

टेंडरची, म्हणजे कंपनीला शेअर देऊ करण्याची, मुदत पाच कामकाजाचे दिवस. तिसऱ्या दिवशी अर्ज भरला, ओटीपी टाकला, स्टेटस 'प्रलंबित'. दुसऱ्या दिवशी सकाळीही तेच. कस्टमर केअरला तीन फोन, तिन्ही वेळा "सर, २४ तास थांबा". चौथ्या फोनला आवाज चढवला तेव्हा कुठे दोन गोष्टी बाहेर आल्या. पहिली, अर्जाचा ओटीपी वेगळा आणि शेअर ब्लॉक करायची डिपॉझिटरीची (डीमॅट खाती सांभाळणाऱ्या संस्थेची) मंजुरी वेगळी. हा दुसरा टप्पा अ‍ॅपने मला दाखवलाच नव्हता. दुसरी, ब्रोकरची स्वतःची मुदत कंपनीच्या मुदतीच्या एक दिवस आधी संपते. म्हणजे त्याच दिवशी! थांबलो असतो चोवीस तास तर बसलो असतो बोंबलत. शेवटी चाळीस मिनिटं उरली असताना काम झालं. तुम्ही मात्र पहिल्याच दिवशी अर्ज करा आणि स्टेटसचा स्क्रीनशॉट ठेवा.

आता शेअर डीमॅटमध्येच, पण ब्लॉक. आणि भाव रोज थोडाथोडा ओसरतोय. मी समजत होतो, १,५००चा टेकू आहे, भाव कशाला पडेल? पण रेकॉर्ड डेट (हक्कदार कोण ते ठरवायची तारीख) उलटल्यावर नव्याने घेणाऱ्याला बायबॅकचा हक्कच नसतो, तो कशाला चढा भाव देईल? कंपनी रोज खुल्या बाजारातून खरेदी करत असती तर थोडा आधार मिळाला असता. तो मार्ग बाजार नियामक सेबीने १ एप्रिल २०२५पासून बंद केला होता. टेंडरमध्ये कंपनी एकदाच घेते आणि बाजूला होते. शेअर कमी झाल्याने प्रति शेअर नफा वाढतो हे खरं, पण धंदा तेवढाच राहतो.

(हो, रेकॉर्ड डेटच्या दिवशी घेतलेला शेअर चालत नाही. किमान एक कामकाजाचा दिवस आधी घ्या.)

एकवीस शेअर घेतले गेले. एकोणचाळीस मोकळे होऊन परत आले त्या दिवशी भाव १,२१५, कारण परत आलेले शेअर विकायला सगळेच एकदम उभे.

हिशोब ऐका. एकवीसवर फायदा ४,४१० रुपये. एकोणचाळीसवर कागदोपत्री तोटा २,९२५. आणि १ ऑक्टोबर २०२४पासून तेव्हा लागू असलेल्या नियमाने हाती आलेले ३१,५०० अख्खेच्या अख्खे लाभांश धरले गेले, त्यावर १० टक्के टीडीएस ३,१५०! खरेदीचे २७,०९० भांडवली तोटा म्हणून पुढे आठ वर्षं ओढता येतात, पण वजा करायला आधी कुठेतरी भांडवली नफा व्हायला हवा.

त्या एकोणचाळीसपैकी एकही अजून विकलेला नाही. हट्ट म्हणा.