सगळं शाबूत, स्क्रू सोडून

आमच्या दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर नोंद होती, 'कॅप निघाली आहे, परत बसवणे'. असं काम आम्ही दोन मोठ्या अपॉइंटमेंटच्या फटीत उरकतो. कॅप साफ केली, वाळवली, सिमेंट लावलं, चावून बघा, या. काकांनी औषधाच्या रिकाम्या डबीतून कॅप काढून माझ्या हातावर ठेवली. मी ती उलटी केली आणि पुढच्या पेशंटला फोन करून उद्या बोलवायला सांगितलं. कॅपखाली ॲबटमेंट, म्हणजे कॅप ज्यावर बसते तो जोडभाग, तसंच चिकटलेलं होतं, आणि त्यात अडकून राहिलं होतं स्क्रूचं नुसतं डोकं. उरलेला स्क्रू काकांच्या जबड्यात होता.

खालची डावी पहिली दाढ, आमच्या हिशेबात ३६ नंबर. बरीच वर्षं आधी दुसरीकडे बसवलेला इम्प्लांट, म्हणजे मुळाच्या जागी हाडात रोवलेला टायटॅनियमचा खुंट. ते क्लिनिक आता बंद झालेलं. काका हिशेब तपासनीस म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे फाइल अगदी चोख. प्रत्येक पावती तारखेनिशी लावलेली. इम्प्लांटच्या पावतीवर लिहिलं होतं, 'इम्प्लांट व कॅप, नग १'. कंपनी नाही, मॉडेल नाही, व्यास नाही, लांबी नाही. मोबाइल घेतला तरी त्याचा नंबर बिलावर येतो. हाडात कायमचा रोवलेला भाग मात्र 'नग १'. हे लिहायला डॉक्टरला एक मिनिट लागतं, आणि पाकिटावरचं स्टिकर फाइलमध्ये चिकटवायला त्याहून कमी.

एक्स-रे बघून मला हळहळच वाटली, कारण इम्प्लांट देखणा बसलेला होता. अगदी वरच्या आट्यापर्यंत हाड, भोवती काळी रेघ नाही, हिरडीतून रक्त नाही. टायटॅनियम आणि हाड असे एकजीव होतात हे स्वीडिश संशोधक ब्रेनेमार्क यांना १९५० च्या दशकात सशाच्या पायात बसवलेलं उपकरण निघेना तेव्हा लक्षात आलं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात इम्प्लांट बसवले. तो माणूस २००६ साली वारला, तोवर ते कामात होते. म्हणजे 'आयुष्यभर टिकेल' ही जाहिरात सगळीच खोटी नाही. फक्त ती हाडात रोवलेल्या भागाबद्दल आहे, आणि माणूस चावतो कॅपने. मधे असतो जेमतेम दोन मिलिमीटर जाडीचा स्क्रू.

हा स्क्रू घट्ट करतो म्हणजे आम्ही तो ताणतो. ताणलेल्या स्प्रिंगसारखा तो ॲबटमेंटला खाली ओढून धरतो. बहुतेक सिस्टिममध्ये दाढेला तीस-पस्तीस न्यूटन सेंटिमीटर टॉर्क, म्हणजे आवळण्याचा जोर, सांगितलेला असतो. रेंच लावून तेवढा द्यायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग पुन्हा तेवढाच द्यायचा, कारण पहिल्या आवळण्यानंतर पृष्ठभाग दबून थोडा ताण उतरतो. ही दहा मिनिटं पुष्कळ ठिकाणी खाल्ली जातात. रेंचऐवजी 'हाताला कळतं' म्हणणारेही मला माहीत आहेत. त्यातून काका रात्री दात खातात, वरच्या दाढांची टोकं सपाट झालेली मला दिसत होती. खऱ्या दाताभोवती तंतूंची गादी असते, दाब जास्त झाला की ती मेंदूला कळवते. इम्प्लांटला ती गादीच नाही. स्क्रू सैल झाला, कॅप किंचित हलू लागली, काकांनी 'दुखत तर नाही' म्हणून तशीच चालवली. सैल स्क्रू आवळायला पाच मिनिटं लागतात. सैल असताना त्यावर महिनोन् महिने चावलं की तो थकून तुटतो.

आता तुकडा काढणं. हे काम मला आवडतं. सुरुवातीला ड्रिलला हात लावायचा नाही. भिंगाचा चष्मा चढवला, कापसाने आत कोरडं केलं. तुकड्याची तुटलेली कड दिसली, एका बाजूला जरा उंच. स्केलरचं, म्हणजे दात साफ करायच्या कंपन पावणाऱ्या यंत्राचं, बारीक टोक अगदी कमी शक्तीवर त्या कडेला टेकवायचं आणि घड्याळाच्या उलट्या दिशेने कड धरून फिरवायचं. कंपनांनी तुकडा सुटा होतो आणि फिरत वर येतो. येतो म्हणजे यायला हवा. आधी काहीच हललं नाही. काकांचा जबडा दुखायला लागला, थांबलो, पुन्हा सुरुवात केली. मग तुकड्यावरचा एक चमकणारा ठिपका सरकलेला दिसला. त्यानंतर प्रोबच्या टोकाने ढकलत ढकलत तो वर आणला. असिस्टंटने टाळी वाजवली. आतले आटे शाबूत होते.

खरी पंचाईत पुढेच सुरू झाली. नवा स्क्रू कुठला लावायचा? एक्स-रेवरच्या आकारावरून आणि इम्प्लांटच्या आतल्या षट्कोनी खाचेच्या मापावरून कंपनीचा अंदाज आला. वितरकाला फोटो पाठवले. उत्तर आलं, ही मालिका बंद झाली, भाग मिळत नाहीत. माझ्याकडच्या पेटीतला एक स्क्रू जवळपास बसत होता. दोन फेरे आत जाऊन अडत होता. जवळपास बसणारा स्क्रू जोर लावून फिरवला की आटे जातात आणि सगळंच संपतं. तो मोह होतो, खोटं कशाला बोलू. जगात इम्प्लांटच्या शेकडो सिस्टिम आहेत, प्रत्येकाचा षट्कोन वेगळा, आटे वेगळे, ड्रायव्हर वेगळा. आणि आम्ही डॉक्टर या महिन्यात स्कीम कुणाची आहे ते बघून कंपनी बदलतो. पेशंट भाव करतो तो इम्प्लांटचा. पुढची वीस वर्षं त्याचे भाग मिळणार का, हे मला आजवर फार थोड्यांनी विचारलंय.

काकांसमोर तीन रस्ते ठेवले. एक, इम्प्लांट पोकळ ड्रिलने भोवतीच्या हाडासकट कापून काढायचा, हाड भरायची वाट बघायची, मग नवा. खाली ओठाची संवेदना नेणारी नस, म्हणजे धोका आणि पुन्हा पहिल्यापासून खर्च. दोन, इम्प्लांट हिरडीखाली झोपवून ठेवायचा आणि पुढचे-मागचे दात कापून वरून ब्रिज करायचा. तीन, आतल्या पोकळीचं माप घेऊन लॅबमध्ये धातूचा पोस्ट, म्हणजे कॅपला आधार देणारी खुंटी, ओतून घ्यायचा आणि तो सिमेंटने कायमचा बसवायचा. सगळ्यात स्वस्त हाच, पण परतीची वाट बंद. निघाला किंवा तुटला तर पहिला किंवा दुसरा रस्ता.

"म्हणजे डॉक्टर, तेव्हाच ब्रिज केला असता तर स्वस्तात पडलं असतं," काका म्हणाले.

तेव्हा पडलं असतं. पण ब्रिजसाठी दोन निरोगी दातांचं इनॅमल तासावं लागतं, आणि कॅपच्या कडेखाली कीड शिरली की एकाच्या जागी तीन दातांचा प्रश्न होतो. त्यांचे ते दोन्ही दात मी तपासले, एकावरही साधं फिलिंग नव्हतं. शिवाय दात गेलेल्या जागचं हाड पहिल्या वर्षातच रुंदीला निम्म्यापर्यंत आटतं. त्यांचं आटलं नव्हतं.

काकांनी डायरी काढली, दोन रकाने पाडले. "हे दोन दात जमेच्या बाजूला धरायचे तर. किमतीला किती लावू?" मला आकडा सांगता आला नाही.

त्यांनी तिसरा रस्ता घेतला. पॅटर्न रेझिनने, म्हणजे साच्यासाठीच्या घट्ट होणाऱ्या प्लास्टिकने, माप घेताना आट्यांना आधी वंगण लावलं, रेझिन अर्धवट घट्ट होताच उलटं फिरवून काढलं. लॅबवाल्याने पहिला पोस्ट परत मागवून पुन्हा ओतला, हे त्याने आपण होऊन केलं. असा माणूस मिळणं नशीब. नवी कॅप मी मुद्दाम अरुंद ठेवली, दाब मधोमध यावा म्हणून. रात्री दात खाण्यापासून वाचवायला दातांवर घालायचा गार्ड करून दिला. फाइलमध्ये एक्स-रे, मापं, सिमेंटचं नाव, सगळं लिहून काकांना एक प्रत दिली.

माझा एक सर्जन मित्र म्हणतो, मी चूक केली. काका अजून धडधाकट आहेत, आत्ताच काढून नवा घातला असता तर पुढे सगळं बदलता आलं असतं, सत्तरीनंतर हाड कापणं जड जाईल. लॅबवाला म्हणतो, शाबूत हाडात बसलेलं कुणी उपटतं का. मला दोघांचंही पटतं आणि तिथेच माझं घोडं अडतं. काका मात्र गार्ड घालत नाहीत असं काकूंकडून कळलंय. पुढच्या तपासणीला काका-काकू दोघांनाही बोलावलं आहे.