पाण्यात इंजिन बंद पडलं तर आधी प्रायमर बल्ब दाबून बघा

जाताना पाणी शांत होतं आणि अर्ध्या थ्रॉटलवर आउटबोर्ड, म्हणजे बोटीच्या मागे लावलेलं इंजिन, छान चालत होतं. खाडीच्या मुखाशी प्रवाहाचा जोर वाढला, थ्रॉटल पूर्ण दिला आणि थोड्याच वेळात इंजिन गचके खाऊन बंद पडलं. प्रायमर बल्ब, म्हणजे टाकीकडून इंजिनाकडे जाणाऱ्या नळीवरचा हाताने दाबायचा रबरी फुगा, दाबला की चालू, जरा पुढे गेलो की पुन्हा तेच. हळू चालवलं तर काही तक्रार नाही. असं झालं की लगेच स्पार्क प्लग खोलत बसू नका. इंजिनाला पेट्रोल पुरत नाहीये, आणि ते कुठे अडतंय हे बहुतेक वेळा बल्बवरूनच कळतं.

आधी नांगर टाकला. वाहत्या बोटीत धड काही तपासता येत नाही.

चालू इंजिनात बल्ब चपटा होत असेल तर अडथळा टाकीच्या बाजूला असतो. सगळ्यात आधी टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे ना, ते बघा. तो बंद असला तर पेट्रोल निघतं पण त्याची जागा घ्यायला हवा आत येत नाही. मग टाकीतल्या नळीची जाळी बघा, किंवा नळीचं आतलं अस्तर सुटून वाट अडली आहे का ते. आमचा बल्ब चपटा नव्हता, नुसता मऊ होता. इंजिन चालू असताना तो थोडा मऊ असतोच, म्हणून खरी परीक्षा इंजिन बंद करून घ्यायची.

नळी इंजिनापासून सोडवली. त्या टोकाचं कपलिंग (नळी इंजिनाला जोडणारा जोड) सुटलं की आपोआप मिटतं, त्यामुळे दाबत गेल्यावर बल्ब दगडासारखा कडक व्हायला हवा आणि तसाच राहायला हवा. बल्बवरचा बाण इंजिनाकडे असू द्या आणि दाबताना बाणाचं टोक वर धरा. आडवा धरला तर आतले व्हॉल्व्ह नीट बसत नाहीत. दाबल्यावर पेट्रोल टाकीत परत जाताना ऐकू आलं तर टाकीकडचा व्हॉल्व्ह गेला, बल्ब बदलायचा.

आमचा कडक झाला आणि कडकच राहिला. नळी परत जोडून दाबला, तर हळूहळू सैल पडायला लागला. इंजिनाकडच्या कपलिंगला कोरडा टिश्यू गुंडाळून पुन्हा दाबला, आणि टिश्यूवर एका बाजूने ओल उमटली. आतली ओ-रिंग (जोड घट्ट बंद ठेवणारं रबरी कडं) एका कडेला चपटी झाली होती आणि तिथेच बारीक चीर होती. बल्ब दाबला की त्या चिरेतून पेट्रोल बाहेर येतं. इंजिनाचा पंप ओढायला लागला की तिथूनच हवा आत जाते. म्हणून चालत्या इंजिनात गळती दिसत नाही, नुसती ताकद जाते. हे ध्यानात ठेवा, कारण ‘कुठे गळत तर नाहीये’ म्हणून लोक नळी निर्दोष ठरवतात आणि कार्बोरेटर खोलतात.

नवी रिंग घातली आणि परतीला पूर्ण थ्रॉटलवर आलो.

सगळे जोड कोरडे असूनही बल्ब सैल पडत असेल तर कार्बोरेटरची फ्लोट नीडल, म्हणजे आत पुरेसं पेट्रोल भरलं की वाट बंद करणारी सुई, पेट्रोल अडवत नाहीये. इंजिनाच्या झाकणाखाली वास येतोच. आणि जोड ठीक, बल्ब ठीक, तरी सतत दाबल्याशिवाय इंजिन चालत नसेल, तर इंजिनावरच्या पंपाचा पडदा तपासून घ्या.

बल्बसह तयार जोडलेली अख्खी नळी सोबत ठेवा. हलत्या बोटीत नुसता बल्ब बसवणं जिकिरीचं असतं. ओ-रिंगा वेगळ्या घ्या. जोडांना स्टेनलेस क्लॅम्प लावा, प्लॅस्टिकच्या पट्ट्या नकोत. उन्हाने आणि इथेनॉलच्या पेट्रोलने रबर खराब होतं, म्हणून निघण्याआधी बल्ब वाकवून बारीक भेगा शोधा. एकदा कडक झाला की आणखी दाबू नका, इंजिन फ्लड होतं, म्हणजे त्यात जादा पेट्रोल भरतं. काम चाललेलं असताना जवळ ज्योत किंवा सिगारेट नको. आणि किनाऱ्याला लागलात की नळी इंजिनापासून सोडवून ठेवा. उन्हात टाकीत दाब वाढतो आणि पेट्रोल इंजिनात ढकललं जातं.