पोटमाळ्याचं काम: ग्लासवूल सगळ्यात शेवटी

जुनं घर वरून तापतं किंवा गारठतं म्हटलं की थेट ग्लासवूलचे (काचतंतूंची लोकर, उष्णता अडवणाऱ्या थराचं म्हणजे इन्सुलेशनचं सामान) गठ्ठे आणून पसरायची घाई होते. मी ते शेवटी ठेवलं. आधी छपराची गळती आणि वायरिंग, मग फटी, मग वळचणीतून हवा, आणि त्यानंतर ग्लासवूल. हाच क्रम धरावा, कारण जाड थर एकदा पडला की खालचं काही दिसत नाही आणि दुरुस्तीसाठी तो सगळा उपसावा लागतो.

पाहणी सकाळीच करावी. ऊन चढल्यावर वर थांबवत नाही. एन-95 मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचे कपडे. पाय तुळयांवरच ठेवायचे, नाहीतर दोन-तीन तुळयांवर फळी टाकून तिच्यावर बसायचं. मधलं छत माणसाचं वजन पेलत नाही. खिळ्यांच्या टोकांना गंज आणि छपराच्या फळ्यांवर डाग असतील तर वर ओल धरते आहे. जुन्या ग्लासवूलवरचे काळपट पट्टे बुरशीचे वाटतात, पण बहुतेक वेळा ती धूळ असते: खालून वर जाणारी हवा ग्लासवूलमधून गाळली जाते आणि मळ मागे राहतो. म्हणजे फटी कुठे आहेत ते आयतंच कळतं. ते पट्टे खडूने खुणावून ठेवले.

दोन गोष्टी दिसल्या तर काम थांबवायचं. एक, चमकदार, करडे-सोनेरी हलके खडे. हे व्हर्मिक्युलाइट (इन्सुलेशनसाठी वापरलेलं खनिज) असू शकतं आणि त्यात अ‍ॅस्बेस्टॉस, म्हणजे फुप्फुसांना घातक तंतू, असण्याची शक्यता असते. तपासणी होईपर्यंत ढवळू नये. दोन, चिनीमातीच्या गुंड्यांवर ताणलेली जुनी सुटी वायर. तिची उष्णता मोकळ्या हवेत निघून जाईल असं गृहीत धरलेलं असतं, त्यामुळे ती इन्सुलेशनखाली गाडणं म्हणजे आगीला आमंत्रण. ती आधी बदलून घ्यायची.

सगळ्यात जास्त वेळ फटींना द्यावा. पाइप आणि वायरी वर येतात ती भोकं, भिंतींचे माथे, दिव्यांचे डबे. बारीक फटीला सीलंट, बोटभर फटीला फोम, त्याहून मोठ्या पोकळीवर फोम बोर्डाचा तुकडा बसवून कडेने फोम. धुराड्याभोवती मात्र फोम चालत नाही. तिथे पत्रा आणि उष्णता सोसणारं सीलंट लावायचं, आणि इन्सुलेशन दूर राहावं म्हणून पत्र्याचा कठडा करायचा. छतात बसवलेले दिवे इन्सुलेशनला टेकवण्याजोगे नसतील तर त्यांच्याभोवती 75 मिमी जागा मोकळी सोडावी. बाथरूमच्या पंख्याची नळी पोटमाळ्यातच उघडी सोडलेली असते, हा दोष फार ठिकाणी दिसतो. ती छपराबाहेर नेल्याशिवाय ओल थांबत नाही.

आता हवा. प्रचलित हिशेब असा: मोकळी जागा पोटमाळ्याच्या क्षेत्रफळाच्या 1/300, निम्मी वळचणीत आणि निम्मी आढ्याजवळ. 90 चौरस मीटरला एकूण 3,000 चौरस सेंटिमीटर, म्हणजे खाली 1,500 आणि वर 1,500. अशी विभागणी जमत नसेल तर 1/150 धरावं. जाळी आणि पट्ट्या बरीच जागा खातात, म्हणून भोकाचं माप न धरता झडपेवर छापलेलं मोकळ्या जागेचं माप धरायचं. जुन्या वळचणीची भोकं रंगाच्या थरांनी बुजलेली असतात, ती टोकरून काढावी लागतात. मग वाशांच्या मधल्या प्रत्येक गाळ्यात पन्हळी पट्टी स्टेपल करायची, म्हणजे छपराच्या फळीखाली हवेची वाट राहते: किमान 25 मिमी, 50 असेल तर उत्तम. विजेचा पंखा मी टाळला. फटी राहिल्या असतील तर तो घरातलीच थंड किंवा गरम हवा वर ओढतो. आढ्याला झडप असेल तर त्रिकोणी भिंतीवरच्या जाळ्या बंद कराव्यात, नाहीतर हवा जवळच्या वाटेने निघून जाते आणि वळचण तशीच राहते.

यानंतर इन्सुलेशन. पहिला थर तुळयांमध्ये, त्यांच्या उंचीइतका; दुसरा तुळयांना आडवा, म्हणजे लाकडातून जाणारी उष्णताही अडते. थंड हवामानात कागद चिकटवलेली बाजू खाली, घराकडे. वरच्या थराला कागद नको, तो ओल मध्येच कोंडतो. दाबून बसवू नये, कारण काम करते ती आत अडकलेली हवाच. सुटं सेल्युलोज (कागदाचा भुगा) फवारायचं असेल तर इंचाला साधारण आर-3.5 मिळतं (आर म्हणजे उष्णता अडवण्याचं माप, जास्त तितकं चांगलं), आर-49 साठी सुमारे 36 सेंटिमीटर, तेही खाली बसल्यानंतरचं. फवारताना थर जास्तच ठेवावा लागतो. किती, आणि पोती किती, हे पोत्यावरच्या तक्त्यात असतं. उंचीच्या पट्ट्या आधीच तुळयांना ठोकून ठेवाव्यात.

पोटमाळ्याचं दार हमखास विसरलं जातं. त्याच्या पाठीवर फोम बोर्ड चिकटवायचा, चौकटीला रबरी पट्टी लावायची आणि दार घट्ट ओढणारी कडी बसवायची. पण खाली उतरण्याआधी बॅटरी बंद करून वळचणीकडे पाहावं. प्रत्येक गाळ्याच्या टोकाशी उजेडाची तिरीप दिसली पाहिजे. जिथे अंधार, तिथे पट्टी सरकली आहे किंवा ग्लासवूलने तोंड बुजलं आहे.