तुम्ही विचारलंत म्हणून: आरपीएममधलं रिव्होल्यूशन

सांगलीकडच्या पलूसला इंग्रजीचे क्लास घेतो म्हटल्यावर हा प्रश्न ठरलेलाच, आणि पोरांपेक्षा त्यांचे वडीलच जास्त विचारतात. सर, मोटरीच्या पाटीवर आरपीएम (मिनिटाला किती फेरे) असतं, त्यातला आर म्हणजे रिव्होल्यूशन ना, मग फ्रेंच रिव्होल्यूशनमधलं ते हेच की दुसरं? आता एका बाजूला १९१० पासूनची किर्लोस्करवाडी, पंपांची, आणि तिला लागूनच इंग्रजांविरुद्धच्या प्रतिसरकारचं कुंडल, इथं हे विचारणार नाहीत तर कुठं विचारणार.

शब्द एकच. त्यातही मोटरीवरचा अर्थ थोरला, राजाला खाली खेचणारा धाकटा. लॅटिनमध्ये व्होल्व्हेरे म्हणजे गडगडणं, फिरणं (पुण्याला ज्या व्होल्व्होनं जाता तिच्या नावाचा अर्थच 'मी फिरतो'), त्याला पुढं 'रे' लागला की फिरून परत येणं. फ्रेंचमधून इंग्रजीत आला चौदाव्या शतकात, आणि आला तो ग्रहताऱ्यांसाठी. कोपर्निकसचं १५४३ चं पुस्तक, पृथ्वी सूर्याभोवती फिरते सांगणारं, त्याच्या लॅटिन नावातही हाच शब्द आहे. म्हणजे घाण्याच्या बैलासारखं, कितीही चाला, निघाला तिथंच येणार. पाटीवर २८८० लिहिलंय म्हणजे मिनिटाला शाफ्ट तेवढ्या वेळा निघाल्या जागी परत येतो, बास.

मग हा राजकारणात घुसला कसा? मला सगळ्यात भारी वाटतं ते १६८८ चं. इंग्लंडचा राजा दुसरा जेम्स पळून गेला, त्याची लेक मेरी आणि जावई विल्यम गादीवर आले, आणि हे घडवून आणणारे म्हणत होते की आम्ही नवीन काही करत नाही ओ, राजानं मोडलेले जुने हक्क परत जागेवर बसवतोय. त्या अर्थानं रिव्होल्यूशन हे नाव चपखल बसलं. पण १७८९ ला फ्रान्स पेटलं, १७९३ ला राजाचं डोकं उडवलं, कॅलेंडरसुद्धा नवीन काढलं, आता निघाल्या जागी परत कसलं येताय! तिथून पुढं या शब्दातलं परतणं गेलं ते गेलंच, निदान राजकारणात तरी.

आपला क्रांती शब्दही आभाळातलाच, सूर्याची आभाळातली वाट ती क्रांतिवृत्त, संक्रांतही त्याच घरातली. फक्त त्याच्या मुळाशी पाऊल टाकणं आहे, मागं फिरणं नाही, त्यामुळं मला तो जास्त सरळ वाटतो. तरी १९४३ ला क्रांतिसिंह नाना पाटलांच्या माणसांनी इथं गावोगाव स्वतःचा कारभार, म्हणजे तेच प्रतिसरकार, सुरू केला तेव्हा लोकांच्या तोंडी पत्री सरकारच बसलं. आणि आज कुंडल-पलूसकडं नुसतं क्रांती म्हणून बघा, समोरचा विचारेल, यंदा ऊस क्रांतीला घातला का? प्रतिसरकारातल्याच जी. डी. बापू लाडांच्या नावाचा साखर कारखाना हो.