पहिला तास वाशीच्या मार्केटात

कॉलेजात कृषी उद्योजकतेचा नवा कोर्स सुरू करायचाय, दोन महिने सिलॅबस लिहितोय आणि एक गोष्ट पक्की झालीय, पहिला तास वर्गात घ्यायचाच नाही. पहाटे चारला मुलांना वाशीच्या भाजी मार्केटात न्यायचं.

मागच्या आठवड्यात चार जणांना घेऊन गेलो तर एकीने बाबांची जुनी पट्टी, म्हणजे माल विकल्यावर व्यापारी देतो तो हिशोबाचा कागद, आणलेली, नारायणगावकडचे टोमॅटो. घड्या पडून मऊ झालेला कागद, वर एकूण रक्कम, मग गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा होत होत शेवटी हातात उरलेला आकडा. टेम्पोमागे उभं राहून ओळ न् ओळ वाचली, अर्धा तास गेला, पण धंद्याचं गणित मी वर्गात इतकं नीट कधीच शिकवलं नव्हतं.

2016 पासून राज्यात फळं-भाजीपाला नियमनमुक्त आहे, म्हणजे बाजार समितीबाहेरही विकता येतो, 10 शेतकरी मिळून उत्पादक कंपनी काढू शकतात, हे मुलं पाठ करतात हो. पण मुलुंडच्या सोसायटीत पन्नास घरांना भाजी द्यायची तर संध्याकाळी उरलेल्या पालकाचं काय, उधारी कोण मागणार?

म्हणून दोन सेमिस्टर खरा माल, खरे पैसे. तोटा झाला तरी मार्क मिळतील, हिशोब मात्र चोख हवा. राहुरी-दापोलीच्या कृषी विद्यापीठांतली मुलं शेवटच्या वर्षी गावात राहून शेतकऱ्यांसोबत काम करतात ना, त्यांच्याशी आमच्या मुंबईच्या पोरांची जोडी लावायची माझी फार इच्छा आहे, पत्र लिहायला घेतलंय.