‘तो रंग नाही, नुसतं लोशन आहे’

घरी केसांचा रंग बिघडला की माणूस घाबरतो, आणि घाबरला की दुसरं पाकीट आणतो. सलूनमध्ये माझ्यासमोर येणारे बिघडलेले केस बहुतेक वेळा या दुसऱ्या पाकिटानेच हाताबाहेर गेलेले असतात. त्या दिवशी आलेल्या ताईंनी मात्र तसं केलं नव्हतं. रंग फसल्याचं दिसताच त्यांनी डोकं धुतलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना त्या दारात उभ्या होत्या. डोक्याला स्कार्फ गुंडाळलेला. नोकरीची मुलाखत चार दिवसांवर आली होती.

स्कार्फ सोडला तर मुळांपासून दोन बोटं केस झगझगीत नारिंगी, आणि त्याखाली खांद्यापर्यंत सगळे काळपट. खिडकीशी नेऊन बघितलं तर त्या काळ्यात हिरवट झाक होती. हाताला केस रखरखीत लागत होते.

मुळं नारिंगी झाली यात नवल नव्हतं. काळ्या केसांतला नैसर्गिक रंग पाकिटातल्या रंगात मिसळायच्या पेरॉक्साइडने उडू लागला की आधी लालसर, मग नारिंगी, मग पिवळा दिसतो. टाळूच्या उबेने मुळांशी हे काम आणखी भराभर होतं. आम्ही त्याला हॉट रूट्स म्हणतो. लांबीला, म्हणजे मुळांखालच्या केसांना, मात्र पाकिटातला ब्राऊन लागलाच नव्हता. केसांवर आधीचा गडद रंग असेल तर त्यावर फिका रंग लावून तो फिका होत नाही, रंगाने रंग निघत नसतो. म्हणजे लांबीवर आधीचं काहीतरी असणार, हे उघड होतं. पण ती हिरवी झाक मला खटकत होती.

‘आधी कधी रंग लावला होतात?’

‘नाही हो, आयुष्यात पहिल्यांदाच.’

‘मेंदी?’

‘कधीच नाही. तुम्ही फक्त ब्लीच करा आणि सगळं एकसारखं ब्राऊन करून द्या.’

सलूनमधल्या मदतनीस मुलीने ब्लीचचा वाडगा आणूनही ठेवला होता. मी तिला थांबायला सांगितलं आणि ताईंना म्हणाले, ‘रंगाचं राहू दे. वर्षभरात केसांना काय काय लावलंत तेवढं सांगा. तेल, शॅम्पू, औषध, काहीही.’

मग एकेक निघू लागलं. तेल, सीरम, आणि पांढऱ्या केसांसाठी एक पाण्यासारखं पातळ लोशन. रोज सकाळी कंगव्याने लावायचं, केस हळूहळू काळे होतात. तीनेक महिन्यांपूर्वी त्यांनी ते बंद केलं होतं. ‘पण तो रंग नाही, नुसतं लोशन आहे,’ त्या म्हणाल्या. खोटं त्या बोलत नव्हत्याच. रंग म्हणजे ब्रशने लावायचा आणि अर्ध्या तासाने धुवायचा, असंच कुणालाही वाटतं.

‘काल रंग लावल्यावर डोक्याला काही जाणवलं?’

‘गरम वाटत होतं. म्हटलं, रंग काम करतोय.’

अशा हळूहळू काळं करणाऱ्या लोशनांत धातूंचे क्षार असतात, बिस्मथचे, चांदीचे किंवा शिशाचे. केसांतल्या गंधकाशी त्यांची क्रिया होते आणि गडद थर बसत जातो. त्यावर पेरॉक्साइड पडलं की धातूमुळे त्याचं एकदम विघटन व्हायला लागतं आणि उष्णता निघते. घरच्या रंगात हे थोडक्यात निभावलं होतं. ब्लीचखाली केस तुटून हातात आले असते.

तरी नुसत्या अंदाजावर मी कुणाला नाही म्हणत नाही. मानेजवळच्या आतल्या थरातून केसांची बारीक बट कापली, एका टोकाला चिकटपट्टी लावली आणि काचेच्या वाटीत २० व्हॉल्यूमच्या, म्हणजे ६ टक्क्यांच्या पेरॉक्साइडमध्ये अमोनियाचे थेंब टाकून त्यात बुडवली. साधे केस अर्धा तास ठेवले तरी जरा फिके होतात, एवढंच. इथे थोड्याच वेळात बटेच्या कडेने बारीक बुडबुडे सुटले. ताईंना मी वाटीखाली तळहात धरायला लावला. वाटी कोमट झाली होती, मग चांगलीच गरम झाली. बट काढून ओढली तर चिवटपणे लांबत गेली आणि तुटली.

ब्लीच बाद झालं, आणि डेव्हलपर, म्हणजे पेरॉक्साइडचं मिश्रण, लागणारा कुठलाही रंगही. केसांतला रंग काढणारी रिमूव्हर मिळतात, पण ती पेरॉक्साइडने तयार होणाऱ्या रंगासाठी असतात, धातूच्या थरावर त्यांचा भरवसा नाही. उरला एकच रस्ता, मुळं गडद करून लांबीला मिळवायची. ताई नाराज झाल्या. ब्राऊन करायला निघालेल्या बाईला मी उलट गडद करायला सांगत होते. माझं मत मात्र ठाम होतं, आणि आजही आहे: फसलेला रंग निस्तरताना फिक्याकडे धावू नये, आधी डोकं एकसारखं दिसू द्यावं.

त्या दिवशी केसांना फक्त ट्रीटमेंट दिली आणि रंगाची अ‍ॅलर्जी येते का ते बघायला कानामागे थोडासा रंग लावून पॅच टेस्ट केली. तिला ४८ तास द्यावे लागतात, मुलाखत कितीही जवळ असली तरी. तिसऱ्या दिवशी त्वचा स्वच्छ होती. लांबीला कंडिशनर थापून ती वेगळी बांधली आणि फक्त मुळांना डेव्हलपरशिवायचा सेमी-पर्मनंट गडद ब्राऊन लावला, निळसर अ‍ॅश छटेचा, कारण नारिंगीला निळाच मारतो. धुतल्यावर सांधा कुठे आहे ते मलाही शोधावं लागलं. उन्हात मुळं किंचित उबदार दिसत होती, पण ती खटकत नव्हती.

येताना त्यांनी ती बाटली आणली होती. मागच्या बारीक अक्षरांत बिस्मथ सिट्रेट लिहिलेलं होतं. पाकिटावर ‘रंग’ लिहिलेलं नसलं तरी घटकांची यादी वाचावी. आणि कुठलाही रंग घरी लावण्याआधी कंगव्यात निघालेले केस गोळा करून त्यांच्यावर तो लावून बघावा. आरशासमोर जे कळायचं ते वाटीतच कळतं.

‘मग ब्राऊन कधी?’ त्यांनी विचारलं. केस महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतात. लोशन लागलेली लांबी पूर्ण कापून जाईपर्यंत नाही, मी म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे केस हनुवटीपर्यंत कापायला सांगितले. सेमी-पर्मनंट रंग धुण्यागणिक उतरतो, म्हणून त्या मधूनमधून मुळांसाठी येतात आणि दर वेळी खालची थोडी लांबी कापून जातात.