तेहतीस खणांची पडवी

जपानमधल्या क्योतोत सगळे सोनेरी देऊळ बघायला धावतात. मी तेही बघितलं, पण मला ओढ होती सान्जूसान्गेन्दो या बौद्ध देवळाच्या पडवीची.

नावातच तेहतीस आहे: खांबांमधले खण मोजून ठेवलेलं नाव. आपल्याकडे 'पाच खणी घर' म्हणतात, तसंच. आताची इमारत १२६६ सालची, लांबी जवळजवळ १२० मीटर, सगळं लाकूडकाम.

बूट काढून आत गेले. फोटोला सक्त मनाई; बरंच झालं. अंधुक उजेडात करुणेची देवी कान्नोन हिच्या १००१ मूर्ती रांगेने उभ्या, फक्त मधली थोरली तेवढी बसलेली. तिचे दोन हात जोडलेले, बाकीच्या चाळिसांतल्या एकात धनुष्य, दुसऱ्यात बाण. करुणेच्या देवीला हे कशाला? मग आपल्या देवीचे अठरा हात आठवले आणि गप्प बसले. पुढे २८ रक्षक, त्यांत गरुडही आहे. आणि तो चक्क बासरी वाजवतोय!

बाहेर आले ती थेट पश्चिमेच्या बाजूला. एदो काळात, म्हणजे सतराव्या ते एकोणिसाव्या शतकात, इथे तिरंदाजीची स्पर्धा चालायची. पडवीच्या दक्षिण टोकाला बसून बाण सोडायचा, तो उत्तर टोकापार जायला हवा. ऐकायला सोपं, पण वर पाहिलं आणि गोम कळली. छप्पर खाली उतरत आलेलं. बाण उंच सोडला तर तुळईला थडकणार, सपाट सोडला तर वाटेतच फळीवर पडणार. म्हणजे जबर ताणाचं धनुष्य हवं. जपानी धनुष्य माणसापेक्षा उंच, सव्वादोन मीटरच्या आसपास, बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवून केलेलं. मूठ मधोमध नाही, बरीच खाली.

१६८६ मध्ये वासा दाइहाचिरो या तरुण सामुराईने एका दिवसरात्रीत १३,०५३ बाण सोडले, त्यांतले ८,१३३ पार गेले. मी फोनवर भागाकार केला: सात सेकंदांना एक बाण, चोवीस तास! माझा खांदा नुसत्या हिशोबानेच दुखायला लागला.

आता जानेवारीत इथे स्पर्धा होते, पण पडवीत नाही, बाहेर मोकळ्यावर, ६० मीटरवरून. मी गेले नोव्हेंबरात. पडवीलगतच्या खडीवरून पावलं मोजत निघाले. नव्वदच्या पुढे शाळेच्या सहलीतली पोरं आडवी आली आणि मोजणी चुकली. परत दक्षिण टोकाला जाऊन पहिल्यापासून सुरुवात केली.